रडवलं की पास

चिठ्ठी उघडली आणि शाळेच्या माजी पर्यवेक्षिकेच्या कपाळावर आठी उमटली. एवढ्या मोठ्या वर्गातून परीक्षेला तिच्यासमोर बसायला नेमका दंतवैद्य निघाला होता. तिने खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तो खिडकीपाशी चहाचा कागदी कप धरून उभा होता आणि तिच्याचकडे बघत होता. महिनाभर तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. ती समोरून येताना दिसली की गडी चक्क दुसऱ्या जिन्याने जायचा.

हा समुपदेशकांचा प्रशिक्षणवर्ग, म्हणजे माणसांचं ऐकायला शिकवणारा. इथे येईपर्यंत प्रत्येकाला वाटत असतं, ऐकण्यात काय शिकायचंय, देवाने दोन कान दिलेत की. मग कळतं, की आपल्याला ऐकणं सोडून बाकी सगळं येतं. सल्ला देता येतो, धीर देता येतो, "माझंही अगदी असंच झालं होतं हो" म्हणून दुसऱ्याची गोष्ट पळवता येते. सराव तिघातिघांनी करायचा. एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं, तिसऱ्याने मागे बसून बघायचं. बोलणाऱ्याने आपल्या आयुष्यातलं खरं काहीतरी आणायचं. रचलेलं चालत नसे. परीक्षाही तशीच, फक्त बघायला वर्ग चालवणाऱ्या मोठ्या बाई बसत. एकदा नापास झालात तर पुन्हा एकदा बसता येई, त्यानंतर राम राम. पर्यवेक्षिकेची ही दुसरी खेप होती.

पहिल्या खेपेला मोठ्या बाईंनी तिला सांगितलं होतं, "तुम्ही माणसाला बोलू देत नाही. कबूल करायला लावता."

पर्यवेक्षिकेने ते हसून ऐकून घेतलं आणि मनात बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिच्या मते बाई तिच्यावर जळत होत्या.

पर्यवेक्षिका म्हणून तिची सगळी नोकरी एका शाळेत गेली होती. काच कोणी फोडली, बाकावर कोणी काय कोरलं, हे शोधून काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती ओरडत नसे, हात उगारत नसे. पोराला समोर बसवायची, मान जराशी कलती करायची, नजर मऊ ठेवायची आणि गप्प राहायची. थोड्या वेळात पोर घडाघडा बोलायला लागे. मग एकदा एका मुलीने प्रयोगशाळेतलं भिंग आपणच चोरलं, असं हुंदके देत कबूल केलं, आणि पुढच्या आठवड्यात ते भिंग कपाटामागे सापडलं. मुलीचे आईबाप आले, संस्थेची माणसं आली, आणि पर्यवेक्षिकेला मुदतीआधीच घरी बसवण्यात आलं. आता त्याच शाळेत समुपदेशकाची जागा निघाली होती, आणि ती तिला हवी होती. जिने तिला घालवलं, त्या मुख्याध्यापिकेने उठून दार उघडायला हवं आणि "या, बसा" म्हणायला हवं. सूड हा शब्द ती वापरत नसे. पण अंथरुणाला पाठ टेकली की रोज ते दार तिच्या डोळ्यांपुढे उघडायचं.

"माणसांचं भलं करायला निघालीयेस ना?" त्या सकाळी नवऱ्याने विचारलं होतं. "मग दातओठ कशाला खातेस?"

"अहो, तुम्ही तुमचा पेपर वाचा."

"वाचतोय. पण तू अशी मान कलती करून बसलीस ना, की मला न केलेले गुन्हे आठवायला लागतात."

नवऱ्याला चेष्टा करायची खोडच होती. वर्गात मात्र तिच्या गप्प बसण्याचा दबदबा होता. बाकीच्यांना समोरचा थांबला की दम धरवत नसे, लगेच काहीतरी बोलून घाण करायचे. पर्यवेक्षिका दगडासारखी बसायची आणि समोरचा हमखास फुटायचा. "रडवलं की पास" ही वर्गातली चेष्टा मोठ्या बाईंना अजिबात खपत नसे, पण ती निघाली होती पर्यवेक्षिकेवरूनच, आणि तिला ती मनातून आवडायची. महिन्यापूर्वी सरावात तिने दंतवैद्याला रडवलं, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिची पाठ थोपटली गेली होती. तेव्हापासून दंतवैद्य तिच्यावर डूख धरून होता. पुरुषांना रडल्याची लाज वाटते आणि लाजेचा मग राग होतो, असं तिने स्वतःला समजावलं होतं. पुस्तकात तसं लिहिलेलंच आहे.

परीक्षेच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, अगदी समोरासमोर नाही, जरा तिरक्या. मधे बुटकं टेबल, त्यावर टिश्यूचा डबा आणि गजर लावलेलं घड्याळ. मोठ्या बाई कोपऱ्यात बसल्या. त्यांचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा होता.

"आज कशाबद्दल बोलावंसं वाटतंय?" पर्यवेक्षिकेने सुरुवात केली. आवाज लोण्यासारखा.

"या वर्गात एक बाई आहे," दंतवैद्य म्हणाला. "मला तिचा तिटकारा येतो. त्याबद्दल."

मोठ्या बाईंनी मान वर केली, पण थांबवलं नाही. नियम होता खरं आणायचं, आणि हे तर शंभर नंबरी खरं होतं.

"तिटकारा," पर्यवेक्षिका म्हणाली. समोरच्याचा शेवटचा शब्द अलगद परत द्यायचा, हा पहिल्या आठवड्यातला धडा.

"हो. मी तिटकारा म्हटलं की तुम्ही तिटकारा म्हणणार, हे मला ठाऊक होतं. मीही त्याच वर्गात बसतो."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला चार शब्द सुनवावेत असं इतकं मनात आलं, की तिने जीभ दातांखाली धरली. उत्तर दिलं तर नापास. बाजू मांडली तर नापास. माफी मागितली तरी नापासच, कारण माफी मागितली की समोरच्याला आपलीच समजूत घालत बसावं लागतं. मेल्याने सगळीकडून कोंडी केली होती.

"तुम्हाला त्या बाईंनी दुखावलंय, असं दिसतंय."

"पोपटपंची पुरे, बाई." दंतवैद्य पुढे झुकला. "मी त्या दिवशी माझ्या मुलाचं सांगत होतो. दवाखान्यात तो माझ्या हाताखाली होता, पुढे सगळं त्यालाच सांभाळायचं होतं. आता तो बोलत नाही माझ्याशी. एवढंच सांगितलं होतं मी, आणि थांबलो होतो. ती बाई गप्प बसली. अशी गप्प, की वाटलं, हिच्या पदरात काहीतरी टाकल्याशिवाय ही उठू द्यायची नाही. मग मी रडलो. डोळे पुसून वर पाहतो, तर बाईंचं लक्ष माझ्याकडे नाहीच. मागे आपल्या वर्गातली ती नर्स बसली होती बघायला. माझ्या डोक्यावरून तिच्याकडे बघून बाई भुवया उडवत होत्या. कसा रडवला, म्हणून."

पर्यवेक्षिकेला ते लख्ख आठवलं. तिने भुवया उडवल्या होत्या. आणि नर्स हसली होती.

तिने आपलं ठेवणीतलं शस्त्र काढलं. मान कलती केली, नजर मऊ केली आणि गप्प राहिली.

"बसा गप्प," दंतवैद्य म्हणाला. "मलाही घाई नाही. जन्मभर तोंडात कापूस कोंबलेल्या माणसांसमोर बसलोय मी. उत्तराची सवयच नाही मला."

तो मागे टेकला आणि त्यानेही मान कलती केली. दोघं बसून राहिले. बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं, तेही थांबलं. पर्यवेक्षिकेच्या मानेला रग लागली. समोर एक माणूस आपल्याकडून काहीतरी मिळेपर्यंत हलणार नाही, हे किती असह्य असतं, ते तिला या वयात कळत होतं. तिला त्या भिंगाच्या मुलीचे लाल झालेले कान आठवले. इतक्या वर्षांत ती कधीच आधी बोलली नव्हती. आज बोलली.

"मी भुवया उडवल्या होत्या."

"का?"

"जिंकल्यासारखं वाटलं."

शब्द निघून गेल्यावर तिला कळलं की त्यांना मुलामा द्यायचा राहून गेला. कोपऱ्यात मोठ्या बाईंची खुर्ची करकरली. दंतवैद्य भांडणाच्या तयारीने आला होता आणि समोर भिंतच उरली नव्हती. त्याने चष्मा काढला. त्याची हनुवटी हलायला लागली.

आणि त्याच क्षणी तिला पोटात ती जुनी ऊब जाणवली. आला. आता फुटणार. खरेपणाही लागू पडला! मोठ्या बाईंच्या डोळ्यांदेखत, शेवटच्या खेपेला. शाळेचं दार तिच्या मनात करकरत उघडलं.

तिला स्वतःची शिसारी आली. हा माणूस इथे सोलवटून बसलाय आणि मी गुण मोजतेय. काय बाई आहे मी! तिला त्याला वाचवायचं होतं, स्वतःपासूनच. तिने झटकन टिश्यूचा डबा उचलला आणि त्याच्यापुढे सरकवला.

वर्गातल्या शेंबड्या नवशिक्यालाही माहीत होतं, की रडू येऊ घातलेल्या माणसापुढे डबा सरकवायचा नाही. सरकवला की त्याचा अर्थ होतो, आता आवरा.

दंतवैद्याचं रडू जागच्या जागी विझलं. त्याने तो डबा असा झटकला, की तो थेट मोठ्या बाईंच्या पायाशी जाऊन पडला.

"म्हणजे त्या दिवशी मी कधी रडायचं, ते तुम्ही ठरवलं," तो ओरडला, "आणि आज कधी थांबायचं, तेही तुम्हीच ठरवणार? पश्चात्ताप झाला वाटतं! बाई, तुमच्या पश्चात्तापाचं मी काय लोणचं घालू? त्यातही मी कुठे आहे? तुम्हीच तुम्ही!"

त्याचं बोलणं खरं होतं, आणि त्याला फाटे फोडायलाही जागा नव्हती. गजर वाजला.

मोठ्या बाईंनी तो बंद केला. "निकाल मी एकेकट्याला सांगते," त्या म्हणाल्या, "पण इथे झाकून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. तुम्ही नापास आहात."

"हो," पर्यवेक्षिका म्हणाली.

तिने पर्स उचलली. शाळेची जागा दुसऱ्या कोणालातरी मिळणार होती. मुख्याध्यापिका त्या दुसऱ्या कोणालातरी "या, बसा" म्हणणार होती. या माणसासमोर रडणं म्हणजे फारच झालं असतं. ती दारापर्यंत पोचली.

"कुठे निघालात?" मागून दंतवैद्य म्हणाला. "माझं बोलून झालेलं नाही."

"परीक्षा संपली आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"परीक्षा गेली खड्ड्यात. बसा, बाई."

"मी कशाला?" पर्यवेक्षिका फणकारली. "वर्गात माझ्याहून बऱ्या माणसांचा दुष्काळ पडलाय का?"

"माफबिफ केलेलं नाही मी तुम्हाला, त्या भ्रमात राहू नका. पण अर्धं तुम्ही ऐकलंयत. आता दुसऱ्या कोणापुढे पहिल्यापासून सुरुवात करायचं माझ्याच्याने होणार नाही."

ती परत आली, ती खरं तर चिडूनच. खुर्चीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता इथे मिळवण्यासारखं काहीही नाही. मान कशी ठेवावी, हेही तिला समजेना. मोठ्या बाई उठून बाहेर गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

दंतवैद्य तिच्याकडे न बघता टेबलाच्या कडेकडे बघून बोलू लागला. "माझे हात थरथरायचे. मी कोणाला सांगितलं नव्हतं. मुलाला कळलं होतं, तो म्हणायचा, बाबा, आता थांबा. मी म्हणायचो, तू मला शिकवू नकोस. एक दिवस एका लहान मुलीच्या दाढेचं काम करताना यंत्र सुटलं. ओठ फाटला तिचा. केवढं रक्त! तिची आई आत धावत आली आणि विचारायला लागली, कोणी केलं हे, कोणी केलं?" तो थांबला. पर्यवेक्षिकेने "मग?" म्हटलं नाही. "मी मुलाकडे बोट दाखवलं. म्हटलं, शिकतोय अजून. तो तिथेच होता, माझ्या शेजारी, मुलीचं डोकं धरून. त्याने ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल. तो काहीच बोलला नाही. त्या बाईची माफी मागून त्याने टाके घातले, हात धुतले आणि निघून गेला. तेव्हापासून नाही बोललेला."

त्याच्या डोळ्यांत आता पाण्याचा टिपूसही नव्हता. तो मान वर करून तिच्याकडे बघत राहिला.

पर्यवेक्षिका गप्प होती. तिला काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि या खेपेला ते खरोखरच सुचत नव्हतं.