राक्षसांना झोपायला जागा

माझा नवरा नितेश राक्षसांच्या बाबतीत अगदी देवमाणूस आहे. मोबाइलवरच्या त्याच्या गेममध्ये जमिनीखाली भुयारं खणायची, राक्षस पाळायचे आणि लुटायला येणाऱ्या शूरवीरांना पिटाळून लावायचं. जोगेश्वरीच्या आमच्या एका खोलीत सासूबाई, दीर आणि आम्ही दोघं. जेवणं आटोपली की पोटमाळ्यावर चढायचं, पडदा ओढायचा आणि एका फोनवर दोघांची डोकी. वर बोललेलं खाली ऐकू जायचं, म्हणून आम्ही आपले खणत बसायचो.

पहिल्याच दिवशी त्याने मला नियम सांगितला होता. "आधी झोपायची खोली. जागा नाही मिळाली ना, तर राक्षस दोन दिवस कुरकुरतो आणि चालता होतो. मग कितीही बोलव." शूरवीर दारात येऊन ठेपले तरी हा बाबा आधी नव्या राक्षसाला बिछाना देणार! घोरणाऱ्या हिरव्या राक्षसाचं नाव मी नितेश ठेवलं, वटवाघळाचं माझं, दिशा. त्या दोघांसाठी अगदी तळाशी एक खोली खणली आणि तिला दार लावलं. आमच्या माळ्याला दार नव्हतं. तरी मी तिथे सुखात होते, खोटं कशाला बोलू?

मग धाकट्या दिराचं, हर्षदचं लग्न ठरलं. भाकऱ्या थापता थापता सासूबाई म्हणाल्या, "नवी सून येतली. माळो त्येंका दी. तुमका आता काय?"

नितेशने ताटातून मान वर न काढताच सांगितलं, "चालेल ना."

चालेल ना! मी शेजारीच बसले होते. मला विचारायला नुसती मान वळवायची होती.

लग्नानंतर मी खाली सासूबाईंच्या बाजूला, तो बाहेर गॅलरीत. भाड्याने खोली बघू, लांब विरारला का असेना, असं मी परत परत सांगितलं. "अ‍ॅडजस्ट कर ना गं, घरचीच माणसं आहेत." गेमसुद्धा तो गॅलरीत एकटाच खेळायला लागला. शेवटी मी बॅग भरली आणि मुलुंडला आईकडे आले.

काल त्याचा मेसेज आला, "गेम उघड."

त्याचंच खातं माझ्याही फोनवर होतं. उघडला. तळाशी आणखी एक खोली खणलेली, पहिलीपेक्षा मोठी. मशाली, जाड गादी, दार. हिरवा राक्षस गादीच्या एका कडेला घोरत होता, दुसरी बाजू मोकळी. मला रडूच फुटलं. त्या क्षणी "खोली बघतो" एवढंच म्हणाला असता, तर मी अनवाणी निघाले असते.

मी विचारलं, "आणि आपली खोली?"

"आईला कसं सांगू यार? तू ये ना आधी. एवढ्यावरून कोणी घर सोडून जातं का?"

डोळे पुसून मी लिहिलं, "नियम तूच शिकवलास, नितेश. राक्षस दोन दिवस कुरकुरतो. मी सहा महिने कुरकुरले."