शाबीने बसवलेला नेम

वर्लिनच्या दुकानात बंदुकांपेक्षा वर्लिनची जीभ जास्त चालते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मेंढपाळ बेन्यात एचेवेरी कोयोट नावाच्या रानकोल्ह्यांवर रात्री नेम धरायची सोय शोधत आला होता. त्याला त्या दिवशी काहीच ऐकायचं नव्हतं, पण ऐकल्याशिवाय सुटका नव्हती.

"रात्री नेम धरायचा तर तीन वाटा," वर्लिनने काउंटरवर एकेक वस्तू मांडली. "हा लेझर. डोक्यावर रात्रीचा चष्मा चढवायचा, बंदुकीवर हा लावायचा, ठिपका कोयोटवर टेकला की ओढ चाप. पण तुझ्या रानात कमरेएवढी झुडपं. ठिपका झुडपावरच चमकत बसेल आणि कोयोट तुला टाटा करून जाईल. दुसरी ही दुर्बीण, दिवसा-रात्री दोन्ही वेळा चालते. जुनी काढायची, ही बसवायची. डोळे झाकून घे. आणि तिसरा हा डबा, आहे त्याच दुर्बिणीच्या तोंडावर बसतो. महाग, जड, आणि लांबचा कोयोट त्यातून लोकरीच्या गुंड्यासारखा दिसतो."

"डबा दे," बेन्यात म्हणाला.

"मी काय भिंतीशी बोलत होतो का रे?"

"जुनी दुर्बीण काढायची नाही. बास."

वर्लिनने बंदूक उजेडात धरली. दुर्बीण आवळणाऱ्या प्रत्येक स्क्रूवर लाल रेघ ओढलेली होती. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटून कळावं म्हणून. बहिणीचं नेलपॉलिश पळवून शाबीने त्या रेघा मारल्या होत्या आणि त्यावरून घरात महायुद्ध झालं होतं. एकही रेघ तुटलेली नव्हती. वर्लिनने त्या रेघांवरून अंगठा हलकेच फिरवला.

शाबी बेन्यातचा मुलगा. हिवाळ्यात त्याची पिकअप बर्फावरून घसरून ओढ्यात उलटली, तेव्हा ही बंदूक सीटच्या मागे होती. पोरगा गेला आणि बंदुकीला साधा ओरखडा नाही. बेन्यातने ती घरी आणून कपाटात ठेवली आणि पुन्हा तिचा चाप ओढला नाही. शाबीने गोळ्या झाडून, दुर्बीण जुळवून स्वतःच्या डोळ्याने बसवलेला नेम अजून तिच्यात आहे, दुर्बीण काढली तर तो जाईल, एवढंच त्याने धरून ठेवलं होतं. आता कोकरं जन्मत होती आणि कोयोट रोज रात्री येत होते. त्याची बायको ग्रासियान सकाळी फाडलेली कोकरं उचलून आणायची. काल ती एवढंच म्हणाली होती, "बंदूक घरात आहे ना रे आपल्या?"

"डबा देतो," वर्लिन हळू आवाजात म्हणाला. "पण आधी मागे जाऊन तीन गोळ्या झाड. उलटलेल्या गाडीत होती ती, बेन्यात."

"रेघा शाबूत आहेत."

"रेघा बाहेर असतात. आतलं काय झालंय ते रेघेला काय ठाऊक?"

दुसऱ्या कुणाची बंदूक नुसती घोड्यावरून पडली, तरी नेम तपासल्याशिवाय जनावरावर झाडू नकोस म्हणून बेन्यातच त्याला फैलावर घ्यायचा. आता तो स्वतःच बंदूक घेऊन मागच्या मैदानात गेला, बाकावर बसला आणि दस्त्याला गाल लावला.

तिन्ही गोळ्या समोरच्या नेमाच्या फळीवर एकमेकींना चिकटून लागल्या. पण मधल्या काळ्या ठिपक्यापासून वीतभर डावीकडे.

"हात तुझा अजून पक्का आहे," वर्लिन म्हणाला. "नेम हललाय. त्याच दिवशी हलला असणार."

बेन्यात फळीकडे बघत राहिला. म्हणजे इतके महिने त्या कपाटात काहीच नव्हतं. रोज रात्री कपाटाच्या दाराला हात लावून तो झोपायला जात होता, आणि आतली वस्तू पोराबरोबर त्याच ओढ्यात संपली होती. त्याला वर्लिनचा राग आला, मग शाबीचा, मग स्वतःचा.

"दुसरी बसव," तो म्हणाला. "जी डोळे झाकून घे म्हणालास ती."

"आज राहू दे. उद्या ये."

"उद्या काय? ते आज रात्री यायचे आहेत. कोकरांना सांगू, उद्यापर्यंत कळ काढा म्हणून?"

वर्लिनने स्क्रूला किल्ली लावली, पण बेन्यातने ती त्याच्या हातातून घेतली. एकेक स्क्रू त्याने स्वतः सोडवला. लाल रंगाचे कण बाकावर पडले. तो ते बोटाच्या टोकावर टिपायला गेला, पण वारा होता.

नवीन दुर्बीण चढली. आता नेम बसवायचं काम त्याच्याच डोळ्याचं होतं. पहिल्यांदा त्याला फळीच दिसेना; त्याने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा गाल टेकवला. गोळी झाडायची, वर्लिनने दुसऱ्या दुर्बिणीतून फळी बघून "अजून थोडं उजवीकडे" म्हणायचं, बेन्यातने नव्या दुर्बिणीवरची चकती फिरवायची. हळूहळू गोळ्या मध्याकडे सरकल्या. शेवटच्या तिन्ही गोळ्यांचं मिळून एकच भोक पडलं, अगदी काळ्या ठिपक्यात.

इतका सुंदर नेम पाहिला की वर्लिनला राहवत नसे. प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा तेच तो सवयीने म्हणून गेला, "बरोब्बर मध्यात! आता ही तुझी झाली बघ!"

बोलल्यावर त्याने जीभ चावली.

बेन्यातने बंदूक सावकाश बाकावर ठेवली. दफनाच्या दिवशी तो रडला नव्हता. बायकोला धरून ताठ उभा राहिला होता. आता तो बाकावर डोकं टेकवून हमसून हमसून रडू लागला.

"माझी नको होती रे," तो म्हणाला. "माझी नको होती."