एकशे सत्तेचाळीस नंबरचा निळा क्रेट

मित्रांनो, महाळुंग्याच्या एका शेडमध्ये बिजागऱ्यांच्या ढिगाशेजारी कोपरा चिरलेला एक निळा प्लॅस्टिकचा क्रेट दिसेल. तो मी. माझ्या अंगावर १४७ हा आकडा आहे. फुटक्या बादल्या आणि मोडक्या खुर्च्या वितळवून मला घडवलं. एकदा टाकून दिलेल्या वस्तूंचाच मी बनलो आहे, म्हणून माझा स्वभाव जरा संशयी आहे.

ही शेड दौलतरावांची. घरच्या शेतातच त्यांनी ती उभारली. इथे मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या तयार होतात आणि चाकणच्या एका मोठ्या कंपनीत जातात. पूर्वी त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जात. खोकं एकदा वापरायचं आणि फेकायचं. पुठ्ठा ओलावा धरी, बिजागऱ्यांना गंज चढे आणि माल परत येई. शेवटी कंपनीने सांगितलं, धुऊन पुन्हा वापरता येतील असे क्रेट आणा, नाहीतर ऑर्डर बंद.

"पर्यावरणाचं नाव त्यांचं आन् उपद्व्याप आमचा," दौलतराव स्टोअर सांभाळणाऱ्या वर्षालीला म्हणाले. "ह्यात कुठंतरी पाणी मुरतंय."

गोजाबाईंना वेगळीच धास्ती होती. त्या बीडकडून आलेल्या. अकरा वर्षं त्यांनी खोकी जुळवली होती. "ह्या डब्यानं माझं काम गिळलं," म्हणत त्यांनी पहिल्याच दिवशी मला दाणकन आपटलं. वर्षालीने त्यांना क्रेट धुण्याचं काम दिलं, पण त्यांची नजर काही निवळली नाही.

चार महिने छान गेले. गंजून परत येणारा माल जवळजवळ थांबला. आम्ही एकावर एक नीट बसत असल्यामुळे टेम्पोची रोजची एक खेप वाचली. माल वेळेवर पोचू लागला आणि कंपनीने आणखी एका मोटारीच्या बिजागऱ्या दौलतरावांना द्यायचं बोलणं सुरू केलं.

आणि तेव्हाच आम्ही कमी होऊ लागलो. दोनशे जात, एकशे ऐंशी परत येत. तयार माल जमिनीवर पडून राहू लागला. टेम्पो रिकामा ताटकळे, कंपनीचे फोनवर फोन येत. नवं काम हातचं जायची वेळ आली.

गोजाबाईंच्या घरी निळा क्रेट पाहिल्याचं कुणीतरी दौलतरावांच्या कानावर घातलं. त्या दिवसापासून सुट्टी झाली की गेटवर सगळ्या बायकांदेखत त्यांची पिशवी तपासली जाऊ लागली. त्या पदर घट्ट आवळून उभ्या राहत.

खरं सांगतो, मलाही त्यांचाच संशय होता. त्या तारेच्या ब्रशने आमचे आकडे घासत. मला वाटे, खुणा पुसून आम्हाला विकायचा बेत दिसतो. पण पुढे दिसलं, त्या आकड्यांतला मळ काढत होत्या आणि कुठला क्रेट गेला, कुठला आला, हे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून ठेवत होत्या.

नंतर एका खेपेला मी स्वतःच परतलो नाही. बिजागऱ्या उतरवल्यावर कंपनीतल्या दोघांनी मला उचललं आणि थेट कॅन्टीनमध्ये नेलं. तिथे माझ्यात कांदे भरले. आजूबाजूला पाहतो तो माझेच हरवलेले सोबती! कुणात बटाटे, कुणात उष्टी ताटं. याच कंपनीच्या गेटवर हिरव्या अक्षरांत निसर्ग वाचवण्याची शपथ लिहिली होती.

आठव्या दिवशी कॅन्टीनच्या दाराबाहेरून वर्षालीचा आवाज कानावर आला. सोबत गोजाबाई होत्या. कंपनीचे अधिकारी निरंजनसाहेब सांगत होते, "आमच्याकडे असं होत नाही, मॅडम. आधी तुमची माणसं तपासा."

"आमची तपासून झाली, साहेब," गोजाबाई म्हणाल्या. "परत आलेल्या एका डब्यात मला कांद्याची सालं घावली. बिजागऱ्यांना सालं कुठून आली? तुमचं कॅन्टीन दाखवा."

आत येताच त्यांनी पदराने माझा आकडा पुसला आणि हातातला पुठ्ठा साहेबांपुढे धरला. "एकशे सत्तेचाळीस. सोमवारी गेला, परत न्हाई आला."

निरंजनसाहेब खाली मान घालून कांदे उपसायला सांगू लागले. त्या दिवशी आम्ही त्र्याण्णव जण घरी परतलो. पुढच्या महिन्यात नवं कामही मिळालं.

आम्ही परतलो त्याच संध्याकाळी दौलतराव म्हणाले, "गोजाबाई, तुमच्या घरचा त्यो क्रेट..."

"पिंपरीच्या भाजीवाल्याकडून इकत घेतलाय. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"चुकलंच माझं."

"असं एकट्यात नगं, मालक. पिशवी समद्या बायकांपुढं तपासली. आता त्यांच्यापुढंच सांगा."

दौलतराव गेटवर गेले, बायकांना थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गोजाबाईंवर आमी आळ घेतला. त्यो खोटा होता. त्यांच्यामुळंच आपलं काम राहिलं." एवढं बोलताना त्यांना घाम फुटला होता.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. एक दिवस मलाही वितळवतील, त्याचं मला भय नाही. फक्त तोवर मला धुवा, उन्हात टाकू नका, काम झालं की जिथला तिथे पोचवा. आणि एखादी वस्तू हरवलीच, तर कुणाच्या पिशवीत हात घालण्याआधी त्या माणसाला समोर बसवून एकदा विचारा. माझ्यासारखी वस्तू वितळवून पुन्हा घडवता येते. गेटवर गेलेली अब्रू मात्र ज्याची त्यालाच मागून घ्यावी लागते, आणि प्रत्येकाला गोजाबाईंसारखी ती मागता येत नाही.