गालिच्याला विचारलेले प्रश्न

टेपवर हेमिशचा आवाज स्वच्छ होता.

"अलापातीकाका, जीव द्यावा असं कधी मनात येतं का?"

शांतता.

"घरी जवळचं कुणी आहे ना?"

शांतता.

"पुढच्या सोमवारी पुन्हा याल?"

तेव्हाही शांतता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"बघ ना, फुआतिनो," हेमिश म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तसा तो एरवीही पांढराच, पण आज जरा जास्त. "तासभर वारलेल्या बायकोबद्दल, लोसाबद्दल बोलले, आणि नेमकं इथे तोंड मिटलं."

आम्ही दोघं विद्यापीठात शिकवतो. बोलण्यानं मनाचं दुखणं हलकं होतं का, याचा शहरातल्या सामोअन, म्हणजे सामोआ बेटांवरून आलेल्या, म्हाताऱ्यांमध्ये अभ्यास करतो. हेमिश त्यांच्याशी बोलतो, मी टेप ऐकून नोंदी करते. कॅमेरा आम्ही मागितला होता. विद्यापीठाच्या समितीनं सांगितलं, लोकांचे चेहरे नकोत, आवाज पुरे.

पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्याच दिवशी माणसाला गाठायचं, हा आमचा नियम. काका फोन उचलेनात. त्यांची मुलगी विमानतळाच्या स्वयंपाकघरात कामाला, तिचाही फोन बंद. गाडी काढली आणि काकांच्या घराकडे, मांगेरेच्या दिशेनं सुटलो.

हेमिश गाडी चालवताना स्वतःलाच शिव्या घालत होता. "मी बोलायला नको होतं. घाईच केली मी. पुढच्या सिग्नलला डावीकडे ना?"

मी भुवया उडवल्या.

"डावीकडे ना?"

मी पुन्हा उडवल्या.

"अगं बाई, बोल की! मी रस्ता बघू की तुझं तोंड?"

"हो रे, डावीकडे!" मी खेकसले, आणि खेकसता खेकसताच गप्प झाले.

आम्ही सामोअन माणसं तोंडानं 'हो' फार कमी म्हणतो. भुवया वर गेल्या की झालं. दिवसातून शंभरदा मी ते करते. आणि तीच मी सकाळपासून त्या टेपला कान लावून काकांच्या आवाजाची वाट बघत बसले होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"हेमिश, ते प्रश्न विचारताना तू कुठे बघत होतास?"

"खाली. गालिच्याकडे." तो वैतागून म्हणाला. "तूच नाही का सांगितलंस, वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून असलं काही विचारायचं नाही म्हणून?"

सांगितलं होतं खरं. आणि हा गुणी विद्यार्थी अक्षरशः गालिच्याशी बोलला होता.

मी त्याला भुवयांचं सांगितलं. त्याचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे उत्तर दिलं त्यांनी! हो म्हणाले!"

"हो म्हणाले," मी म्हटलं, "पण पहिला प्रश्न कोणता होता?"

त्यानं गाडीचा वेग वाढवला. मी मनातल्या मनात देवाला साकडं घालत होते, आणि एरवी मी त्याला फारसा त्रास देत नाही.

घराच्या कोपऱ्यावरच घरघर ऐकू आली. अंगणात अलापातीकाका गवत कापायचं यंत्र ढकलत होते, कमरेची लुंगीसारखी लाव्हालाव्हा गुडघ्याच्या वर खोचलेली, घामानं निथळत. कंबरेएवढं गवत. निम्मं कापून झालं होतं, आणि त्यात बुडालेली जास्वंदीची झुडपं उघडी पडली होती. मला रडूच फुटलं. मी ते लपवलं नाही.

काकांनी यंत्र बंद केलं. "काय गं, कोण गेलं?"

"तुम्ही फोन उचलत नाही, काका!"

"या धुडापुढे फोन ऐकू येतो होय? आणि हा का असा भूत बघितल्यासारखा?"

"मी विचारलं तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत," हेमिश पुटपुटला.

"मी नाही बोललो? तीन विचारलेस, तिन्हींची उत्तरं दिली. तू माझ्या चपलांना विचारत होतास, त्याला मी काय करू?" काका हसले, मग हसू ओसरलं. "पहिल्यालाही हो म्हटलं. लोसा गेल्यापासून येतं तसं मनात. चर्चमध्ये बोललो तर गावभर होईल. मुलीला सांगितलं तर ती काम सोडून माझ्या उशाशी बसेल. आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. घरी आलो, तर लोसाची फुलं दिसेनात गवतात. म्हटलं, एवढं तरी काढावं."

हेमिश तिथेच कापलेल्या गवतावर मांडी घालून बसला. आमच्यात मोठ्या माणसासमोर उभं राहून बोलायचं नसतं, हे त्याला मी कधीच सांगितलं नव्हतं. या वेळी त्यानं मान वर करून थेट काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"आता, या घडीला येतंय मनात?"

"आत्ता नाही. रात्री येतं." हे त्यांनी तोंडानं सांगितलं, सावकाश.

"मग रात्री तुम्ही एकटे नकोत. मुलगी आली की तिला सांगायचं? आम्ही दोघं बसू तुमच्याबरोबर. ती येईपर्यंत हलणार नाही."

काकांनी वाकून जास्वंदीला चिकटलेलं गवत झटकलं. मग त्यांनी हेमिशकडे पाहिलं, आणि त्यांच्या पांढऱ्या भुवया हळूच वर गेल्या.

"हो म्हणाले!" हेमिश माझ्याकडे वळून ओरडला, जणू मलाच ते कळत नव्हतं.