ओठांत धरलेला कागद

सासूबाईंनी भंगारवाल्याला दुपारी यायला सांगून टाकलं होतं. सकाळी चहाचा कप खाली ठेवताना म्हणाल्या, "तोवर ठेंगूला शेवटचं उघडून बघू. सुरू झाला तर राहिला. नाही झाला तर जाऊ दे बापडा."

ठेंगू म्हणजे आमचा बागेतला ट्रॅक्टर. माझ्या कमरेएवढा उंच, एका सिलिंडरचा, वयाने माझ्या नवऱ्याहून थोरला. त्याच्या जिवावर सासूबाईंनी घरामागची रोपवाटिका उभी केली, आणि त्याच्या इंजिनाला कधी परक्याचा हात लागू दिला नाही. मग आजार आला. आजार गेला, पण जाता जाता औषधांनी त्यांच्या बोटांच्या टोकांची जाणीव नेली. बटण लावायचं तर बघत बघत लावावं लागे. बोट भाजलं तर फोड दिसल्यावर कळे.

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिला आंघोळ त्याच घालायच्या. एकदा पाणी कढत निघालं. मी वेळेवर हात घातला, बाळाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी तिला उचलणंच सोडलं. "हे हात नाहीत गं, नुसते हातमोजे आहेत," म्हणायच्या आणि हसायच्या. ते हसणं बघवत नसे. ठेंगू गेला की मागोमाग त्या स्वतःलाही मोडीत काढणार, हे मला लख्ख दिसत होतं.

म्हणून बाबागाडी शेडच्या दाराशी सावलीत लावली, बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "काय करायचं, सांगा."

"आधी प्लग काढ, म्हणजे चाक हलकं फिरेल. मग ते बाजूचं झाकण."

झाकणाखाली मसुराच्या दाण्याएवढे धातूचे दोन ठिपके समोरासमोर बसले होते. "हे पॉइंट. मिटतात, उघडतात. उघडले की प्लगमध्ये ठिणगी पडते. बघ कसे काळवंडलेत. पॉलिश पेपर फिरव. अगं हळू! कढई घासत नाहीयेस तू."

मग इंजिनाच्या जड चाकावरचा गंज जुन्या टूथब्रशने काढायला लावला. गंजाखालून शेजारी शेजारी दोन रेघा वर आल्या.

"ही पिस्टन अगदी वर पोचतो त्याची," त्या म्हणाल्या. "आणि ही तिच्या अलीकडची, ठिणगीची."

"अलीकडे का? वर पोचल्यावर नको का पडायला?"

"पेट घ्यायला वेळ लागतो की नाही? वर पोचल्यावर पेटवलंस तर उशीर झाला. फार आधी पेटवलंस तर भडका वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा ढकलतो. ज्याची गरज नंतर लागणार, त्याला जरासं आधी निघावं लागतं."

मी त्या दोन रेघांकडे बघत राहिले. माझ्या नखाएवढंही अंतर नव्हतं त्यांच्यात.

आता पातळ कागद हवा होता. घरातला सगळ्यात पातळ कागद म्हणजे त्यांच्या औषधाच्या खोक्यातली घडी. मी उलगडली. "आई, यावर दुष्परिणाम छापलेत."

"बरं झालं. कशाच्या तरी कामी येऊ दे."

कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमध्ये अडकवायची. चाकावरची ठिणगीची रेघ इंजिनावरच्या खुणेसमोर आणून धरायची. मग पॉइंटचा स्क्रू हळूहळू फिरवायचा आणि पट्टीला अगदी हलकी ओढ द्यायची. ज्या क्षणी पट्टी सुटते, त्या क्षणी पॉइंट उघडतात. ऐकायला सोपं. माझी पहिली पट्टी फाटली. दुसरी सुटली, पण कधी ते मला कळलंच नाही. तरी स्क्रू आवळला, प्लग बसवला आणि दोरी ओढली. ठेंगूने असा उलटा हिसका दिला की मी खांद्यापर्यंत झिणझिणले.

"फार आधी पेटतोय," सासूबाई म्हणाल्या. मग स्वतः पुढे झाल्या, पट्टी चिमटीत धरली. ओढली की नाही, हे त्यांना बघून ठरवावं लागत होतं. पट्टी खाली पडली तरी त्यांची चिमूट तशीच मिटलेली. त्यांनी हात पदराला पुसले. "जाऊ दे. घेऊन जा म्हणावं भंगारवाल्याला."

तेवढ्यात माझा पान्हा फुटला. बाबागाडीत अजून हूं की चूं नव्हतं. मी लगबगीने उठले, गाडीपाशी पोचले, आणि मग बाईसाहेबांनी सूर लावला. जरासं आधी! मला हसूच आलं. माझ्या अंगातही कुणीतरी कधीची ती अलीकडची रेघ आखून ठेवली होती.

बाळाला पाजलं. आदल्या दिवशी लस टोचली होती, म्हणून कपाळाला ओठ लावून बघितले.

"ताप आहे?"

"नाही."

"हाताने नाही बघितलंस ते?"

"ओठांना नीट कळतं, आई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीवरच्या पट्टीकडे. "आण तो कागद," म्हणाल्या. "प्लग काढ परत. आणि चाक धर. रेघ हलली तर तुझी खैर नाही."

बाळाला गाडीत ठेवून मी चाक धरलं. सासूबाई गुडघ्यांवर बसल्या. पट्टीचं एक टोक पॉइंटमध्ये, दुसरं ओठांत. मुठीत स्क्रूड्रायव्हर. डोळे मिटले. माझ्या लग्नापासून त्यांचं तोंड एवढा वेळ बंद मी पहिल्यांदाच बघत होते, आणि थट्टा सुचायला हवी तिथे मी चाक आणखी घट्ट धरलं. मूठ वळली, जेमतेम दिसेल इतकीच. पट्टी ताणलेली. पुन्हा वळली. त्यांच्या गालावरची एक शीर हलली, आणि पट्टी अलगद, पाण्यातून निघावी तशी बाहेर आली. ओठांत लोंबत राहिली.

"हुं," एवढंच.

स्क्रू आवळून त्यांनी मला चाक मागे घ्यायला लावलं, पट्टी पुन्हा पॉइंटमध्ये अडकवून ओठांत धरली, मग चाक सावकाश पुढे. रेघ खुणेवर आली आणि पट्टी सुटली. अगदी तिथेच. कसलंही यंत्र नव्हतं जवळ. नुसते ओठ, बाळाचं कपाळ ओळखणारे.

प्लग बसवला. झाकण लावलं. "ओढ," त्या म्हणाल्या. मी ओढली.

ठेंगू खोकला, धूर सोडला आणि चालू लागला. एकेक ठोका वेगळा, गोल, आपल्या जागेवर. शेडचे पत्रे, डबे, माझ्या छातीचा पिंजरा, सगळं त्या ठेक्यात थरथरत होतं. बाळ रडलं नाही. डोळे हे एवढे मोठे करून ऐकत राहिलं. एका नखाहून कमी अंतरातून एवढं मोठं काही जागं होतं, हे मला अजून नीट कळत नाही.

भंगारवाला दारात हातगाडीसकट उभा होता. "मावशी, हा तर चालू आहे!"

"मग? तुझी गाडी ओढून देऊ का घरापर्यंत?"

तो हसत, मान हलवत गेला. सासूबाईंनी इंजिन बंद केलं. कोपरापर्यंत हात धुतले, कोपराच्या बेचक्यात बाळाला घेतलं आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"ताप नाही," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या करड्या आवाजात, "उद्यापासून हिच्या आंघोळीचं पाणी मी बघणार. बोटांचं राहू दे. कोपराला काय धाड भरलीये?"