चौथी काचपट्टी

मुतोन्यी आमच्या वर्गात सगळ्यात मोठी, अडतीस वर्षांची. बारा वर्षं म्बाले शहराच्या बाजारात गाईची आतडी-वजडी विकून मग तिने प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या शिक्षणाला नाव घातलं. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो.

स्नायूंच्या प्रात्यक्षिकाला चार सूक्ष्मदर्शक मांडले होते. काचपट्टी बघायची आणि प्रकार लिहायचा: पट्टकी, अपट्टकी की हृदयाचा. तीन पट्ट्या सोप्या गेल्या. चौथीत आडवे पट्टे स्वच्छ दिसत होते, म्हणून मी 'पट्टकी' लिहून मोकळी झाले. मुतोन्यीने लिहिलं, 'दोन्ही. पट्टकी आणि अपट्टकी.'

त्या उत्तराला तिला शून्य मिळालं. पेपर हातात पडताच ती वेपुखुलू सरांच्या टेबलापाशी गेली.

"सर, माझं उत्तर बरोबर आहे."

"एका पट्टीला एकच उत्तर असतं, बाई."

"पण ही पट्टी कशाची आहे?"

सरांनी वही चाळली. "माणसाची अन्ननलिका. मधला भाग."

"मग जरा डावीकडे सरकवून बघा ना."

"मावशी, इथे घासाघीस चालत नाही," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले. ती वळलीसुद्धा नाही.

सर सूक्ष्मदर्शकावर वाकले आणि त्यांनी पट्टी डावीकडे सरकवली.

"तिथे पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या आहेत," ती शांतपणे म्हणाली. "प्रत्येकीत मधोमध एकच केंद्रक. पट्टे नाहीत."

"नाहीत खरे." सरांनी मान वर केली. "पट्टी सरकवावीशी का वाटली तुम्हाला?"

"गाईची अन्ननलिका मी हजारदा चिरलीय, सर. पोटापर्यंत सगळी लाल मांसाची असते, म्हणजे पट्टकीच. पुस्तकात वाचलं, माणसाची तशी नसते, वर पट्टकी आणि खाली अपट्टकी. म्हटलं, मध्ये दोन्ही भेटत असतील."

सरांनी शून्य खोडून पूर्ण गुण दिले. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "पट्टी सरकवायला कुणाला बंदी नव्हती. ज्यांनी अर्धंच पाहिलं, त्यांना अर्धे गुण."

माझे दोन गुण गेले. दुपारी मातोकेचं, म्हणजे उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं, ताट घेऊन मी मुद्दाम तिच्यापासून लांब बसले. तीच आपलं ताट उचलून माझ्याशेजारी आली.

"रागावलीस?"

"थोडी."

"जेव आधी. मग हृदयाची पट्टी दाखवते. तिच्यातल्या तंतूंना फुटलेल्या फांद्या कुणीच नीट बघितल्या नाहीत."

जेवण झाल्यावर आम्ही दोघी प्रयोगशाळेत गेलो. मागोमाग आणखी सहाजण आले.