टेकडीवरची मानाची जागा

"शाळेत? पाहुण्यांना बाकांवर बसवायचं?" अनारकान एजेने चहाची वाटी खाली ठेवली. "परत जाऊन सांगतील, चोंग-तालच्या लोकांनी आम्हाला पोरांसारखं रांगेत बसवलं म्हणून."

गावप्रमुखाच्या अंगणात आम्ही जमलो होतो. देशातल्या कोणत्या वस्तीत इंटरनेट पोचतं, कुठे पोचत नाही, कोणाला ते वापरता येतं नि कोणाला नाही, हे बघून सरकार मोठी योजना आखणार होतं. तपासणीची माणसं आमच्या खोऱ्यातही येणार होती. त्यांना शाळेत बसवू, असं प्रमुख म्हणाला आणि एजेचा पारा चढला. घरात पाहुणा आला तर त्याला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवतात, उंबऱ्याशी नाही. मग गावात मानाची जागा कोणती? टेकडी. हवा तिथे, शिखरं दिसतात ती तिथून, आणि फोन लागतो तोही तिथेच.

"शिवाय चढताना दम लागला की त्यांना आपोआप कळेल, आपण रोज काय करतो ते," एजे म्हणाली.

सगळ्यांना पटलं. मी गावातून तालुक्याला व्हॅन नेतो. प्रवाशांशी बोलबोलून माझी जीभ चांगली वळवळती झाली आहे, पण त्या दिवशी मलाही काही खोट काढावीशी वाटली नाही.

एजे म्हणजे थोरली बहीण. अनारकान माझ्या नात्यातली नाही, पण तिला गावात दुसऱ्या नावाने कोणी हाकच मारत नाही. जुन्या काळी ती टपालकचेरीत टेलिफोनच्या फळीवर बसायची. कानाला यंत्र लावून ती या भोकातली तार त्या भोकात घालायची, आणि लष्करात गेलेला मुलगा आईशी बोलायचा. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, सगळं तिच्या कानावरून जायचं. ओठावर मात्र कधी आलं नाही. पुढे तारा गेल्या, फळी भंगारात गेली. साऱ्या गावाला जोडून देणाऱ्या बाईला आता स्वतःच्या मुलाशी बोलायला टेकडी चढावी लागायची.

मुलगा एर्निस रशियात, कुठल्याशा गोदामात कामाला. त्याचे कागद असे अडकले होते की एकदा तिथून निघाला तर परत आत घेणार नाहीत. आणि इथे त्याचा बाप मुकाश अंथरुणाला खिळलेला. झटक्याने त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ज्या माणसाची हाक ऐकून समोरच्या डोंगरावरची मेंढरं माना वळवायची, त्याच्या तोंडून आता नुसता घशातला आवाज निघायचा.

एजे टेकडीवर जाऊन मुलाने पाठवलेले व्हिडिओ फोनमध्ये उतरवून आणायची आणि मुकाशच्या डोळ्यांसमोर धरायची. मी कितीदा तिथे बसलेलो आहे. एर्निस बर्फात उभा राहून बोलत असायचा, आणि डोकं नेहमी उघडं. मुकाश डावा हात उचलून आपल्याच डोक्यावर आपटायचा. टोपी घाल. पडद्यातला मुलगा बोलतच राहायचा. बाप पुन्हा हात आपटायचा. मग व्हिडिओ संपायचा.

एजे दुसऱ्या दिवशी वर जाऊन निरोप सांगायची. एर्निस हसून हो म्हणायचा. पुढच्या व्हिडिओत पुन्हा बोडका.

"त्याने बापाचा हात एकदा बघायला हवा, तालान," ती मला म्हणायची. "माझ्या सांगण्याने नाही होणार."

मुकाशला वर न्यायचं, तर गाडी जाईल असा रस्ता नाही. घोड्यावर तो बसू शकत नव्हता. आम्ही चौघे त्याला घोंगडीत घालून उचलायला गेलो, तर त्याने खांद्याकडे बोट दाखवलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. एजेने अर्थ सांगितला: "खांद्यावर माणूस एकदाच चढतो, म्हणतोय. ठेवा खाली." आयुष्यभर खोगिरात बसलेला माणूस. त्याच्या हट्टापुढे आम्ही कोण?

म्हणून घरात इंटरनेट यायला हवं होतं. बाकीच्या गावाला ते कशाकशासाठी हवं होतं. एजेला त्या एका हातासाठी.

पाहुणे सप्टेंबरात आले. दोन पुरुष आणि त्यांची वरिष्ठ, जिबेक नावाची तरुण मुलगी. आता पाहुण्यांना पायी चढू द्यायचं? आमच्या सात पिढ्या थडग्यात उठून बसल्या असत्या. गावातले उत्तम घोडे आले, खोगिरांवर गाद्या आल्या, लगाम धरायला माणसं आली. दम लागला तो घोड्यांना. वर लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारला होता. कापलेल्या मेंढीचं डोकं मानाने पाहुण्यांपुढे ठेवलं. घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, कुमिसच्या वाट्या रिकाम्या होऊच दिल्या नाहीत.

जिबेकने इंटरनेट मोजायचं यंत्र काढून लावलं. तिचा चेहरा उजळला. मग तिने स्वतःच्या आईलाच फोन लावला आणि पडदा आमच्याकडे वळवला. राजधानीतल्या स्वयंपाकघरातली एक बाई आम्हाला हात करत होती आणि आम्ही सगळे तिला. एजेचे डोळे त्या पडद्यावरून हलेनात.

नंतर जिबेकने विचारलं, अडचणी काय आहेत? म्हातारे एकमेकांकडे बघून हसले आणि म्हणाले, देवाची कृपा आहे, सगळं छान आहे. ती एजेकडे वळली. "आई, तुम्हाला वापरता येतं?"

"येतं की, लेकी. मुलाशी बोलते रोज. तू बोर्सोक घे, गार होतील."

मी तिच्या शेजारीच होतो. मीही तळलेल्या बोर्सोकचं ताट पुढे सरकवलं.

जानेवारीत नकाशा आला आणि गावच्या कचेरीत लागला. जिथे इंटरनेट पोचवायचं आहे त्या वस्त्या लाल, जिथे पोचलेलं आहे त्या हिरव्या. आमचं चोंग-ताल हिरवंगार. हिरवं बघून आधी काही जण खूशच झाले. मग कोणीतरी खालच्या ओळी वाचल्या, हिरव्या वस्त्यांना योजनेतलं काही मिळणार नाही अशा, आणि कचेरीत कोणी कोणाकडे बघेना. शिव्या तरी कोणाला घालणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

एजे दुसऱ्या दिवशी पहाटेच येऊन माझ्या व्हॅनमध्ये पुढच्या जागेवर बसली. घाट बर्फाने बंद व्हायच्या आधीची ती शेवटची फेरी होती. तालुक्यातल्या, योजनेच्या कचेरीत जिबेक भेटली. तिने एजेला ओळखलं, मिठी मारली, खुर्ची दिली. एजेने सगळं सांगितलं. मुकाशचं, टोपीचं, हाताचं. पोरीचा चेहरा उतरत गेला.

"पण आई, मी तर तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा तू पाहुणी होतीस, लेकी. घासाबरोबर कोणी गाऱ्हाणं वाढतं का?"

 चूक माझीही आहे, मी खाली उतरून एका तरी घरात बसायला हवं होतं, असं जिबेक म्हणाली. घाटातलं बर्फ वितळलं की मी स्वतः येईन, यंत्र घेऊन तुमच्या घरात बसेन, रंग बदलून घेईन. ती खोटं बोलत नव्हती. परतीच्या वाटेवर एजे खिडकीतून बर्फाकडे बघत राहिली, कधी वितळणार ते जणू बर्फालाच विचारत असल्यासारखी.

घाट अजून बंद होता तेव्हाच मुकाश गेला. सकाळी चहाचा घोट घेतला आणि मान कलली.

मरणाची बातमी आमच्याकडे एकदम सांगत नाहीत. वडीलधारी माणसं मिळून जातात, दुरून बोलायला सुरुवात करतात. पण एर्निस तर रशियात. मग काय, गावातले म्हातारे काठ्या टेकत, गुडघाभर बर्फातून टेकडी चढले. मी फोन लावून समोर धरला. सगळ्यात थोरल्याने हवापाण्याचं विचारायला तोंड उघडलं, पण इतक्या म्हाताऱ्यांना एका पडद्यात बघताच एर्निसला कळलं होतं.

आमचं कब्रस्तान टेकडीच्याच खांद्यावर आहे. दुसऱ्या दिवशी मुकाश चढला, खांद्यावरून, त्याने ठरवलं होतं तसा. बायका कब्रस्तानात येत नाहीत. एजे खाली, घराशेजारी उभारलेल्या तंबूत विधवेच्या रीतीने भिंतीकडे तोंड करून बसली होती. तंबू तोच, पाहुण्यांसाठी वर नेलेला. गावात तेवढा एकच धड होता.

कब्रस्तानातही फोन लागतो. कोणीतरी कुरकुरलं, इथे हे कशाला म्हणून. मुल्ला म्हणाला, "मुलगाच आहे तो. येऊ दे त्याला." मी फोन उंच धरला. चित्र इतकं स्वच्छ, जणू तो शेजारच्याच खोलीत आहे. गोदामामागच्या अंगणात एर्निस कमरेला पट्टा बांधून काठीवर वाकून उभा होता, रीतीप्रमाणे, बापाच्या तंबूबाहेर उभा राहिला असता तसाच. "आताके, माझ्या बापा" म्हणून मोठ्याने रडत होता. त्याच्या उघड्या डोक्यावर बर्फ पडत होतं.

माझा उजवा हात फोनमध्ये अडकलेला. मी डावा उचलला आणि डोक्यावर आपटला. त्याला कळलं नाही. मी पुन्हा आपटला. माझ्या शेजारच्यानेही आपटला. मग जे जे मुकाशच्या उशाशी कधी बसले होते, ते सगळे त्या खड्ड्याभोवती उभे राहून डावा हात डोक्यावर आपटू लागले. एर्निस रडायचा थांबला. आमच्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून टोपी काढली आणि कानांपर्यंत ओढून घेतली.

मुकाशला मातीत उतरवलं.

खाली आलो तेव्हा तंबूतल्या बायकांचं रडणं ओसरलं होतं. एजेने भिंतीकडचं तोंड न वळवता विचारलं, "दिसला का बाप त्याला?"

"दिसला, एजे. सगळं दिसलं. एकदाही अडकलं नाही."

तिने मान हलवली. माझ्या हातातला फोन तिने मागून घेतला. खाली फोन लागत नाही, त्यामुळे पडदा रिकामाच होता. तो तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसला.

"आणि तो?" ती म्हणाली. "टोपी होती डोक्यावर?"

"घातली."